ओझ्यासाठी वाढवलेली ताकद

जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईच्या शिवडीत मोटारजुळणीचा कारखाना काढला. याच कंपनीच्या १९२९ च्या शेवरोलेत चार सिलिंडरांच्या जागी एका ओळीत सहा सिलिंडर असलेले सुमारे ३.२ लिटरचे इंजिन आले. त्याची ताकद होती ४६ अश्वशक्ती. १९३७ च्या साडेतीन लिटरच्या इंजिनाने ती ८५ वर नेली. बेडफर्ड ट्रकचे पेट्रोल इंजिनही याच घराण्यातले.

यवतमाळसारख्या कापसाच्या जिल्ह्यात अशा इंजिनांना काम भरपूर. मुर्तिजापूरची नॅरोगेज यवतमाळलाच संपे. पुसद, उमरखेड, पांढरकवडा या गावांना रूळ नव्हते, तिथे बैलगाडी नाहीतर मोटार. अमेरिकेत हौशी लोक हे इंजिन शर्यतीसाठी तयार करीत. भरलेल्या ट्रकचा प्रश्न मात्र चढाचा होता, वेगाचा नव्हे.

ताकद वाढवण्याच्या वाटा दोन्हीकडे त्याच. हेड घासून घेतले की ज्वलनाची जागा आकसते, मिश्रण अधिक दाबले जाते आणि तेवढ्याच पेट्रोलमधून जास्त ओढ मिळते. सिलिंडर बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन घालता येतात. झिजलेल्या इंजिनाला ते तसेही करावे लागतेच, तेव्हा दुरुस्ती आणि सुधारणा एकाच खर्चात होतात. दोन कार्ब्युरेटर आणि दुभंगलेला एक्झॉस्ट हे खरे तर वरच्या फेऱ्यांचे उपाय. खालच्या गिअरमध्ये रखडणाऱ्या गाडीला त्यांचा फायदा थोडा.

मर्यादाही ठरलेल्या होत्या. कमी ऑक्टेनच्या पेट्रोलवर हेड जास्त घासले की इंजिन नॉकिंग करू, म्हणजे ठोके देऊ लागे. दुसरी अडचण तळाशी होती. कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगांना पंपाच्या पूर्ण दाबाने तेल मिळत नसे. रॉडच्या टोकाचे पळे तेल उचलून घेत. बेअरिंग ओतीव व्हाइट मेटलचे. फेऱ्या आणि दाब वाढवत गेले की पहिली तक्रार तिथून येई. १९५४ पर्यंत शेवरोलेच्या या सहा सिलिंडरांच्या इंजिनांत दाबाचे तेल आणि बदलता येणारी बेअरिंगे सर्रास झाली, पण त्याच साली शिवडीचा कारखाना बंद पडला.

दुसऱ्या महायुद्धात तर गणितच उलटले. पेट्रोलवर रेशन आले आणि बसगाड्यांना लोणारी कोळशाच्या गॅसच्या भट्ट्या लागल्या. या गॅसमध्ये उष्णता कमी; इंजिनाची ताकद एक तृतीयांशाने, कधी जवळजवळ निम्म्याने घटे. मात्र त्याला नॉकिंगचे भय फारसे नसते. म्हणून पेट्रोलवर जेवढे हेड घासणे धोक्याचे, तेवढे गॅसवर उपयोगाचे ठरे. गॅस सावकाश जळतो, त्यामुळे ठिणगीही आधी द्यावी लागे. ताकद वाढवण्याची ही सारी खटपट गमावलेले थोडेफार परत मिळवण्यासाठीच होती.

कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून १९४७ पासून डॉज-प्लिमथ बाहेर पडू लागल्या. त्यांच्या सहा सिलिंडरांच्या इंजिनांत व्हॉल्व्ह बाजूला असल्याने हेड घासायला सोपे, पण फार घासले तर वायूची वाटच अरुंद होई.

१९५४ मध्ये टाटांनी मर्सिडीज-बेंझच्या सहकार्याने जमशेदपूरला डिझेल ट्रक सुरू केले. त्यांचेही इंजिन एका ओळीतल्या सहा सिलिंडरांचेच होते. स्वस्त डिझेलपुढे पेट्रोल इंजिनाला तासत-घासत बसण्यात अर्थ उरला नाही. जुन्या चासीवर डिझेल इंजिन बसवणे अधिक परवडू लागले. ते पेट्रोल इंजिनापेक्षा कमी फेऱ्यांत चालते, म्हणून मूळ वेग हवा असल्यास मागच्या ॲक्सलचे गुणोत्तरही बदलावे लागे.