थंडी राखणारं रबर

आजचा भाग एका रबरावर आहे. फ्रीजच्या दाराला कडेने जी मऊ पट्टी असते ना, तिच्यावर. मेकॅनिक तिला गॅस्केट म्हणतात, आपण नुसतं 'दाराचं रबर' म्हणतो. फ्रीजचा इतिहास सांगताना लोक कॉम्प्रेसर सांगतात, गॅस सांगतात, वीज सांगतात. पण थंडी तयार करणं हे निम्मंच काम आहे. ती राखायची कशी, हा प्रश्न मशीनच्या आधीपासूनचा आहे.

आपल्या घरांत हा प्रश्न जुनाच होता, फक्त तो थंडीचा नव्हता. लोणच्याच्या बरणीला दादरा बांधायचा, कणगीचं तोंड शेणामातीने लिंपायचं. आतलं आत आणि बाहेरचं बाहेर राहिलं पाहिजे, एवढीच त्यामागची गोष्ट. बरणीत काय घातलं याच्याइतकंच तिचं तोंड कसं बांधलं याला महत्त्व होतं.

आता १८३३ सालात जाऊ. अमेरिकेतल्या बोस्टनहून 'टस्कनी' नावाचं जहाज कलकत्त्याला निघालं. त्यात होता तिथल्या तळ्यांतला, हिवाळ्यात कापून काढलेला बर्फ. फ्रेडरिक ट्यूडर या व्यापाऱ्याचा हा उद्योग. साधारण १८० टन बर्फ भरला होता. चार महिने समुद्र, दोनदा विषुववृत्त, आणि तरी कलकत्त्यात सुमारे १०० टन उतरला. जहाजावर थंड करणारं कुठलंही यंत्र नव्हतं. बर्फाभोवती भुसा वगैरे ठासून भरायचा आणि हवा आत शिरू द्यायची नाही, एवढंच. पुढे मुंबईतही बर्फघर उभं राहिलं. मद्रासचं बर्फघर तर आजही आहे, फक्त आता त्याला विवेकानंदांचं नाव आहे. म्हणजे आपल्याकडे थंडी आधी आली ती बांधून, झाकून. यंत्र नंतर आलं.

घरगुती फ्रीज आले तेव्हा त्यांच्या दाराला बाहेरून खटका असायचा. दार ओढून खटका लावला की रबर दाबलं जायचं आणि फट बंद व्हायची. थंडीच्या दृष्टीने उत्तम. पण खटका आतून उघडता येत नसे. अमेरिकेत टाकून दिलेल्या जुन्या फ्रीजमध्ये मुलं लपाछपी खेळताना शिरायची, दार लागायचं, आणि हवाबंद दारामागून आवाजसुद्धा बाहेर यायचा नाही. अशी बरीच मुलं गुदमरून गेली. शेवटी १९५६ साली तिथे कायदा झाला. फ्रीजचं दार आतून ढकलून उघडता आलंच पाहिजे, आणि १९५८च्या अखेरीपासून बनणाऱ्या प्रत्येक फ्रीजला हे बंधनकारक झालं.

मग खटक्याशिवाय दार घट्ट कसं लागणार? इथे लोहचुंबक कामाला आलं. १९५०च्या सुमारास नेदरलँड्समधल्या फिलिप्स कंपनीत बेरियम फेराईट नावाचं स्वस्त चुंबकीय द्रव्य तयार झालं होतं. त्याची पूड रबरात किंवा प्लास्टिकमध्ये मिसळली की वाकणारी चुंबकाची पट्टी बनते. ती दाराच्या पोकळ रबरात सरकवली. आता दार जवळ नेलं की शेवटचा बोटभर प्रवास ते स्वतःच करतं, आणि आतून लहान मूलही ते ढकलू शकतं. आपल्याकडे गोदरेजने फ्रीज बनवायला सुरुवात केली तेही १९५८ सालीच.

हे सगळं मी वाचायला लागलो त्याचं कारण तळेघर. आंबेगाव तालुक्यात घोडेगाव, डिंभे करत भीमाशंकरला जाताना वाटेत लागतं ते गाव. तिथे माझ्या मावशीचं छोटं दुकान आहे. दुकानात झाकणवाला डीप फ्रीजर. श्रावणात भीमाशंकरची गर्दी असते, त्यामुळे दूध आणि आइस्क्रीम भरून ठेवावं लागतं. नेमकं त्याच दिवसांत दूध नीट गोठेना आणि फ्रीजरच्या तोंडाशी मात्र हातभर बर्फ. मेकॅनिक म्हणाला, गॅस भरावा लागेल. मावशी मला म्हणाली, "तू इंजिनिअर ना रे? मग बघ की जरा." मी सॉफ्टवेअरवाला आहे, हे तिच्या दृष्टीने फारसं महत्त्वाचं नव्हतं.

तोंडाशीच बर्फ, हीच खूण होती. सह्याद्रीच्या माथ्याजवळ पावसाळ्यात हवा ओलीचिंब असते. झाकणाला फट असली की ती हवा आत जाते आणि तिच्यातली वाफ तिथेच गोठते. वाफेतून एक किलो बर्फ जमला की फ्रीजरला साधारण २,८०० किलोज्यूल उष्णता बाहेर फेकावी लागते. एक लिटर पाणी ३० अंशांवरून उकळायला जेवढी लागते, त्याच्या नऊ पटींहून जास्त. शिवाय तो बर्फ रबराला टेकू देत नाही, म्हणून फट आणखी मोठी होते.

तपासणी सोपी आहे. कागदाची पट्टी झाकणात धरायची, झाकण लावायचं आणि पट्टी ओढायची. जिथे अलगद निघते तिथे फट. आम्ही चारही बाजूंनी फिरलो. बिजागरीकडचा एक कोपरा सैल निघाला. मग प्लग काढला, सामान शेजारच्यांकडे हलवलं आणि बर्फ वितळू दिला. चाकूने खरवडायचा मोह आवरायचा, पत्र्याआडची नळी फुटली तर खरंच गॅस जाईल. रबराच्या घड्यांत दुधाचा चिकटा आणि धूळ बसली होती. कोमट साबणाच्या पाण्याने ती काढली, कोरडं पुसलं. कोपऱ्यात रबर चेपून कडक झालं होतं, त्यावर गरम पाण्यात पिळलेलं फडकं धरून ते मऊ केलं आणि बोटांनी बाहेर ओढून आकारात आणलं. बिजागरीचे स्क्रू आवळले. पुन्हा कागद. यावेळी चारही बाजूंनी अडला. तासा-दोन तासांनी झाकण एकदा उघडून लावलं आणि लगेच पुन्हा उघडायला गेलो तर ते क्षणभर हटेना. आत शिरलेली हवा गार होऊन आकसते आणि झाकण आत ओढते. रबर नीट असल्याची ही चांगली खूण. रबर फाटलेलंच असतं तर मात्र नवीन आणावं लागलं असतं.

मावशीचं नुकसान दुधा-आइस्क्रीमपुरतं होतं. पण त्याच तळेघरात प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, आणि तिथल्या थंडीचा हिशेब वेगळा असतो.

१४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली गेली. भारतातली ही पहिली यशस्वी लस. ती बगदाद, बसरामार्गे आली, आणि तीही माणसांच्या दंडांवरून. एकाला टोचायची, फोड आला की त्यातला द्रव दुसऱ्याला. थंडी राखायची सोयच नव्हती, म्हणून लस जिवंत माणसातच न्यावी लागे.

१९८५ साली सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा हे काम दंडांवरून थंड पेट्यांवर आलं होतं. आरोग्य केंद्रात लस २ ते ८ अंशांत ठेवतात, आयएलआर नावाच्या पेटीत. तिचं झाकण वर असतं, कारण गार हवा जड असते, झाकण उघडलं तरी सांडत नाही. तिच्या भिंतींत बर्फाचा साठा असतो, त्यामुळे दिवसात आठ तास लाईट असली तरी तिचं भागतं. पण झाकण घट्ट असेल तरच. शेजारच्या डीप फ्रीजरमध्ये आइसपॅक गोठवतात. वाडीवर जायच्या आधी ते बाहेर काढून, कानाशी हलवून आत पाणी खळखळेपर्यंत थांबतात, कारण पेंटासारख्या लशी गोठल्या तरी बाद होतात. मग चार पॅक कॅरियरमध्ये, मध्ये लस, आणि झाकण. त्या फ्रीजरचं रबर सैल असेल तर पॅक नीट गोठत नाहीत, आणि मग डोंगरातल्या वाडीवर पोचेपर्यंत लस थंड राहील याचा भरवसा उरत नाही. १३ जानेवारी २०११ नंतर भारतात जंगली पोलिओचा रुग्ण सापडला नाही. त्यामागे लसीइतकीच अशी लाखो झाकणं आहेत, आणि रोज दोनदा तापमान लिहून ठेवणारी माणसंही.

तेव्हा आज घरी एक करा. फ्रीजच्या दारात कागद धरा, लावा आणि ओढा. अलगद निघाला तर गॅसवाल्याला फोन करायच्या आधी फडकं आणि कोमट पाणी घ्या. भेटू पुढच्या भागात.