विहार आणि स्थिरवास : ठाणे, कल्याण व डोंबिवलीतील जैन स्थलांतराचा मागोवा

जैन साधुजीवनात चालणे आणि थांबणे या दोन्हींना नियम आहेत. वर्षाचे आठ महिने विहार आणि पावसाळ्याचे चार महिने एका ठिकाणी चातुर्मास, असा तो क्रम होय. मात्र वार्धक्याने किंवा व्याधीने ज्यांचे पाय थकले, त्या साधु-साध्वींना एकाच गावी राहण्याची अनुज्ञा आहे. त्यास ‘स्थिरवास’ म्हणतात. श्रावकासाठीही दिशापरिमाण व्रत सांगितले आहे. कोणत्या दिशेला किती दूर जावे, याची मर्यादा त्याने स्वतः आखून घ्यावयाची असते. माणसाने केव्हा निघावे, कोठवर जावे आणि केव्हा थांबावे, याचा इतका सूक्ष्म विचार करणाऱ्या समाजाचा स्थलांतराचा इतिहास त्याच दृष्टीने पाहणे उचित ठरेल. न्यासाच्या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने ठाणे, कल्याण व डोंबिवली येथे आलेल्या जैन कुटुंबांचा हा मागोवा आहे. कोणी किशोरवयात आले, कोणी प्रपंचाच्या मध्यावर, तर कोणी उतारवयात. गाव तेच, परंतु प्रत्येकाला भेटलेले गाव निराळे होते.

श्रीपाल राजाचे ठाणे

या भूमीचा जैन परंपरेशी असलेला संबंध रेल्वेच्या किंवा कारखान्यांच्या काळापासूनचा नाही. आज पालघर जिल्ह्यात असलेले सोपारा हे प्राचीन बंदर जैन पट्टावलींना परिचित आहे. बारा वर्षांच्या दुष्काळात अन्नाअभावी विष घेण्याच्या तयारीत असलेल्या जिनदत्त श्रेष्ठीच्या कुटुंबाला आर्य वज्रसेनांनी थांबविले, दुसऱ्याच दिवशी धान्याची गलबते बंदरात लागली आणि श्रेष्ठीच्या नागेंद्र, चंद्र, निवृत्ती व विद्याधर या चार पुत्रांनी दीक्षा घेतली, अशी परंपरा आहे. त्यांच्याच नावांनी पुढे चार कुले प्रसिद्ध झाली.

ठाण्याचे नाव तर चैत्र व आश्विन महिन्यांतील नवपद ओळीच्या दिवसांत घरोघरी घेतले जाते. उपाध्याय विनयविजयजींनी रांदेर येथे विक्रम संवत १७३८ मध्ये आरंभिलेला आणि त्यांच्या स्वर्गवासानंतर उपाध्याय यशोविजयजींनी पूर्ण केलेला ‘श्रीपाल राजानो रास’ या ओळीत वाचला जातो. रासातील श्रीपालाचे जीवन म्हणजे वयाच्या प्रत्येक टप्प्यावर घडलेले स्थलांतरच आहे. बालपणी राज्य गेल्यावर माता कमलप्रभा त्याला घेऊन चंपानगरीतून पळाली. तारुण्यात, मयणासुंदरीशी विवाह होऊन व्याधिमुक्त झाल्यावर, ‘राजाचा जावई’ या ओळखीची लाज वाटून त्याने उज्जयिनी सोडली आणि स्वतःच्या पुरुषार्थावर नाव मिळविण्यासाठी तो परदेशी निघाला. धवल शेठने त्याला समुद्रात ढकलले, तेव्हा नवपदाच्या प्रभावाने तो कोकणच्या किनाऱ्याला लागला. चंपकवृक्षाखाली निजलेल्या या अनोळखी तरुणाला ठाण्याच्या वसुपाल राजाने सन्मानाने नगरात नेले आणि आपली कन्या मदनमंजरी त्याला दिली.

या कथेचा पुढील भाग स्थलांतरितांना विशेष जवळचा वाटावा असा आहे. मागोमाग ठाण्यास पोहोचलेल्या धवल शेठने गाणाऱ्या-नाचणाऱ्यांच्या एका टोळीला द्रव्य देऊन श्रीपाल हा आपलाच नातलग असल्याचे त्यांच्याकडून वदविले. कालपर्यंत आदर करणारा राजाही क्षणात साशंक झाला. नव्या गावात माणसाची ओळख किती नाजूक असते, हे रासकारांनी अचूक दाखविले आहे. सत्य उघड झाल्यावर श्रीपालाने धवल शेठला क्षमा केली. टेंभी नाक्यावरील श्री मुनिसुव्रतस्वामींचे जिनालय, जे ‘कोकण शत्रुंजय’ म्हणून ओळखले जाते, ते या स्मृतीचेच स्थान होय. कारण श्रीपाल हे मुनिसुव्रतस्वामींच्या शासनकाळात झाले, असे परंपरा मानते.

किशोरवयातील आगमन

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही देशातील पहिली प्रवासी गाडी धावली. १ मे १८५४ रोजी लोहमार्ग कल्याणपर्यंत पोहोचला. पुढे थळ घाट व बोर घाट हे दोन्ही मार्ग कल्याणहून फुटल्याने हे जुने बंदर मोठे जंक्शन झाले. धान्य, कापड, किराणा यांच्या व्यापाराला त्यामुळे नवी दिशा मिळाली आणि मारवाड, गुजरात व कच्छमधील व्यापारी या मार्गालगतच्या गावांत येऊन स्थिरावू लागले. संवत १९५६ च्या, म्हणजे १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळाने, ज्यास आजही ‘छप्पनियो’ म्हणतात, मारवाड, गुजरात व कच्छमधील असंख्य कुटुंबांना घर सोडावयास लावले.

या पहिल्या पिढ्यांत येणारा बहुधा किशोर असे. नात्यातील कोणाची तरी पेढी हेच त्याचे निवासस्थान. दिवसा वजनकाटा, उधारीची वही व हुंडीचा हिशेब शिकावयाचा आणि रात्री गाद्या गुंडाळलेल्या त्याच दुकानात वळकटी उलगडावयाची. पगारापेक्षा जेवण व शिकवण महत्त्वाची मानली जाई. अशा मुलाचे बालपण गावीच राहून गेले; परंतु त्याला एक लाभ झाला. वय कोवळे असल्याने मराठी त्याच्या जिभेवर सहज बसली. आगरी-कोळी ग्राहकांशी, बाजारहाटाला येणाऱ्या शेतकऱ्यांशी तो त्यांच्याच बोलीत व्यवहार करू लागला. ‘शेठ’ म्हणून त्याला पुढे जो मान मिळाला, त्याचा पाया या भाषेत होता.

प्रपंचाच्या मध्यावर

दुसरी लाट मुंबईहूनच आली. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने जुनी भाडी गोठली, भाड्याने देण्यासाठी घरे बांधणे मालकांना परवडेनासे झाले आणि पागडीची पद्धत फोफावली. भुलेश्वर, मस्जिद बंदर, दादर येथील एका खोलीत दोन भावांचे संसार मावेनात. दुसरीकडे फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासितांची वसाहत झाली व १९४९ मध्ये ती उल्हासनगर झाली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. ठाण्याची वागळे इस्टेट आणि पाठोपाठ डोंबिवलीची औद्योगिक वसाहत यांनी रोजगार आणला. १९६० चा सहकारी संस्था कायदा व १९६३ चा मालकी सदनिकांविषयीचा कायदा यांमुळे मध्यमवर्गीयाला स्वतःच्या नावाचे घर घेणे शक्य झाले. लहान का होईना, मालकीचे दोन खोल्यांचे घर मिळेल, या आशेने चाळिशीतील गृहस्थ बायकामुलांसह डोंबिवलीस उतरला.

त्याचे घर हलले; दुकान वा नोकरी मात्र मुंबईतच राहिली. मुंबईच्या मुख्य स्थानकापासून ठाणे ३४, डोंबिवली सुमारे ४८ आणि कल्याण सुमारे ५४ किलोमीटर. नोव्हेंबर-डिसेंबरात सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो. त्या वेळी बाजार ऐन भरात असतो. चौविहार पाळणाऱ्या श्रावकापुढे रोजच प्रश्न उभा राही. कोणी दुपारच्याच डब्यात संध्याकाळची सोय करून घेतली, कोणी पाचला दुकानाच्या मागील बाजूस चार घास खाऊन घेतले, तर कोणी व्रत फक्त पर्वतिथींपुरते ठेवले. घरी परतणाऱ्या गृहस्थासाठी ताट वाढून ठेवणे ही महाराष्ट्रातील घराघरांतील रीत. जैन गृहिणीला मात्र पती येण्यापूर्वीच चूल आवरावी लागे. दिवसभर एकटीने नवे गाव सांभाळणाऱ्या या स्त्रियांनीच शेजार जोडला, मुलांना पाठशाळेत धाडले आणि उकळलेल्या पाण्याची कळशी घेऊन साध्वीजींची वाट पाहिली. श्रीसंघाच्या उभारणीत देणगीदारांची नावे संगमरवरावर कोरली गेली. या श्रमांची नोंद कोणत्याही फलकावर नाही.

याच काळात कोल्हापूर, सांगली, सोलापूर व बेळगाव या भागांतील मराठी भाषक दिगंबर जैन कुटुंबे नोकरीनिमित्त येथे आली. १८९९ मध्ये स्थापन झालेल्या दक्षिण भारत जैन सभेच्या शिक्षणप्रसाराचा वारसा त्यांच्यापाशी होता. त्यांना गावाची भाषा परकी नव्हती; परंतु जवळचे देरासर परक्या पद्धतीचे होते. श्वेतांबरांचे पर्युषण संपते तेथे दिगंबरांचे दशलक्षण पर्व सुरू होते. एकाच जिन्यावरील दोन जैन घरे अशी एकामागून एक उपवास करीत आणि शेवटी एकमेकांची क्षमा मागत. १९७४-७५ मध्ये भगवान महावीरांचा २५०० वा निर्वाण महोत्सव साजरा झाला, तेव्हा सर्व संप्रदायांनी पंचरंगी ध्वज व समान प्रतीक मान्य केले. संमिश्र वस्तीच्या या शहरांत ते ऐक्य रोजच्या व्यवहारात आधीच रुजू लागले होते. १९८२ मध्ये ठाण्यास व १९८३ मध्ये कल्याण-डोंबिवलीस महानगरपालिका आली, तोवर येथील जैन हे पाहुणे उरले नव्हते.

उतारवयातील पाऊल

तिसरे आगमन सर्वांत शांत आणि सर्वांत कठीण होय. मुले स्थिरावल्यावर गावाकडील आईवडिलांना येथे आणले गेले. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपाने कच्छमधील गावेच्या गावे कोसळली आणि ज्यांनी जन्मभर घर सोडले नव्हते, अशा अनेक वृद्धांनाही मुलांकडे यावे लागले. किशोरवयात आलेल्याने गाव नव्याने जोडले; प्रपंचात आलेल्याने मुलांच्या शाळेतून व गाडीतील सोबत्यांतून ओळखी मिळविल्या; सत्तरीत आलेल्यापाशी यांपैकी एकही वाट नव्हती. भाषा अनोळखी, इमारतीला उद्वाहन नाही, दुपारी घर रिकामे. अशा वेळी पायी जाता येईल इतक्या अंतरावरील देरासर, दुपारचे सामायिक आणि संध्याकाळचे प्रतिक्रमण हेच त्यांचे गाव झाले. अठ्ठेचाळीस मिनिटांच्या सामायिकानंतर ओट्यावर होणाऱ्या कच्छी किंवा मारवाडी गप्पांनी किती वृद्धांना तारले, याचा हिशेब कोणत्याही वहीत सापडणार नाही.

मार्च २०२० मध्ये लोकल थांबल्या आणि मंदिरांची द्वारे बंद झाली, तेव्हा हा आधार किती मोलाचा होता हे उमगले.

पुढील पन्नास वर्षे

आज चक्र उलट फिरताना दिसते. ज्या मुलांसाठी डोंबिवलीत घर घेतले, ती पुणे, बंगळुरू किंवा परदेशी गेली. काही घोडबंदर मार्गावरील नव्या संकुलांत राहावयास गेली. स्थानकालगतच्या जुन्या इमारतींत वृद्ध दांपत्ये उरली. जिनालय पूर्वीपेक्षा भव्य आहे. पण त्याच्या पायऱ्या चढणारे पाय थकले आहेत.

येथे न्यासांपुढे निधीचा प्रश्न येतो. देवद्रव्य हे जिनमूर्ती व जिनमंदिरासाठीच वापरता येते. श्रावक-श्राविकांच्या सेवेसाठी ते वळविता येत नाही, ही शास्त्रमर्यादा सर्वांना ठाऊक आहे. वृद्धांची शुश्रूषा, औषध, डबा, देरासरापर्यंतचे वाहन यांचा खर्च साधर्मिक भक्ती व साधारण खात्यातूनच करावा लागतो. आणि उछामणीचा उत्साह या खात्याच्या वाट्याला क्वचितच येतो. सात क्षेत्रांत श्रावक व श्राविका ही दोन क्षेत्रेही तितकीच पूज्य मानली आहेत, हे सुवर्णमहोत्सवी वर्षात स्मरणे आवश्यक आहे.

स्थिरवासात असलेल्या साधूंची सेवा हे श्रीसंघाचे कर्तव्य असून तिला ‘वैयावच्च’ म्हणतात. सहा आभ्यंतर तपांत तिची गणना होते. ज्यांनी वळकटी घेऊन येथे पाऊल ठेवले, ज्यांनी सूर्यास्तापूर्वी घास उरकून रात्रीची गाडी पकडली आणि त्यातूनच पहिल्या वर्गणीचे रुपये बाजूला काढले, त्या पिढीचाही आता विहार संपला आहे. त्यांचा स्थिरवास सुखाचा व्हावा, हे पाहणे ही या न्यासाच्या पुढील अर्धशतकाची पहिली आराधना ठरो.