शिंगाळ्याला नाव कुणी दिलं?

आज मिशावाल्या मासोळ्यांचा इतिहास सांगणार आहे. मागूर, शिंगी, शिंगाळा ही नावं पूर्णाकाठच्या बायांना नवी नाहीत. या मासोळ्यांच्या अंगावर खवले नसतात, तोंडाजवळ मात्र मांजरासारख्या लांब मिशा असतात. म्हणून इंग्रजीत त्यांना कॅटफिश म्हणतात.

यातल्या शिंगाळ्याची गोष्ट आधी ऐका. विल्यम साइक्स नावाचा एक इंग्रज लष्करी अधिकारी होता. १८२४ पासून मुंबई सरकारसाठी दख्खनच्या मुलखाची माहिती गोळा करण्याचं काम त्याच्याकडे होतं. जमीन, पिकं, पक्षी अशी सगळीच माहिती तो टिपून ठेवी. पुण्याच्या मुळा-मुठेतले आणि भीमेतले मासेही त्याने तपासले आणि १८३९ साली त्यांची शास्त्रीय वर्णनं लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. शास्त्रात प्रत्येक जिवाला एक नाव द्यावं लागतं. साइक्सने अनेक माशांना नदीकाठी ऐकलेलीच नावं दिली. त्यामुळे शिंगाळा आणि घोगरा हे शब्द आजही जगभरच्या शास्त्रग्रंथांत आहेत. शिंगाळा तर आपल्या तापी-पूर्णेच्या पाण्यातही आहे.

वर्णन करणाऱ्या साहेबाचं नाव प्रत्येक ग्रंथात माशाच्या नावापुढे छापतात. ज्यांच्या तोंडून ती नावं आली, त्यांची नावं कुठेच नाहीत. कोणती मासोळी कोणत्या डोहात राहते, कुणाचा काटा हाताला लागतो, हे त्या लोकांना पिढ्यान् पिढ्या माहीत होतं. ते ज्ञान फक्त कागदावर नव्हतं.

वऱ्हाडात हे काम भोई, ढिवर, कहार समाजांचं. रसेल आणि हिरालाल यांनी मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवर लिहिलेला ग्रंथ १९१६ साली निघाला. मासे धरणं, पालखी वाहणं, पाणी भरणं, तळ्यात शिंगाडे लावणं अशी त्यांची कामं त्यात नोंदली आहेत. १८६७ साली वऱ्हाडातून जाणारी रेल्वे नागपूरला पोचली, मग सडका झाल्या, आणि पालखी हळूहळू गेली. पुढे नळ आले, पाणी भरण्याचं कामही गेलं. उरली ती नदी आणि तळी.

आपल्या नद्या उन्हाळ्यात आटतात. मोर्णा, मन, उमा यांच्या पात्रात जागोजागी डबकी उरतात. अशा पाण्यात बाकीच्या मासोळ्यांचा जीव गुदमरतो, पण मागूर टिकते. तिच्या कल्ल्यांच्या वर झाडाच्या फांद्यांसारखा एक अवयव असतो, त्याने ती वर येऊन हवा घेते. चिखलातही ती तग धरते. म्हणून ती बाजारात भांड्यात थोडं पाणी घालून जिवंत विकता येते, बर्फ लागत नाही. नाव नाही, मोठं जाळं नाही, ठेका नाही, अशा माणसाला गळाने किंवा हाताने धरता येईल अशी ही मासोळी. शिंगी धरताना मात्र जपावं लागतं, तिच्या काट्यात विष असतं.

स्वातंत्र्यानंतर चित्र बदललं. काटेपूर्णेवर महानला धरण झालं, मोर्णा, निर्गुणा, वान या नद्याही अडवल्या गेल्या. त्याच काळात, १० जुलै १९५७ रोजी, हिरालाल चौधरी आणि के. एच. अलिकुन्ही यांनी इंजेक्शन देऊन कार्प जातीच्या माशांची अंडी मिळवली. त्यातून रोहू, कटला, मृगळ यांचं मत्स्यबीज मुबलक मिळू लागलं आणि धरणं-तळी त्यांनी भरली. उत्पादन वाढलं, ते चांगलंच झालं. पण शिंगाळा, मागूर, मरळ या मासोळ्या लहान पिल्लं खातात. म्हणून बीज सोडण्याआधी मोहाची ढेप टाकून तळ्यातले असे मासे काढून टाकण्याची पद्धत आली. ज्यांची नावं ग्रंथात गेली, ते तळ्यात नकोसे झाले.

मागूर खाणारे मात्र होतेच. देशी मागुरीचं बीज करणं अवघड असतं. मादी काही हजारच अंडी देते आणि नराला सहसा मारूनच बीज मिळवावं लागतं. ही उणीव बाहेरून आलेल्या आफ्रिकी मागुरीने भरून काढली. तिलाच बाजारात थाई मागूर म्हणतात. ती काही महिन्यांत किलोभर होते, काहीही खाते, आणि नदीत सुटली तर आपल्या मासोळ्या संपवते. केंद्र सरकारने २००० साली तिच्या पालनावर बंदी घातली. तरी चोरून धंदा चालतो. आणि आपली देशी मागूर आज धोक्यातल्या जातींच्या जागतिक यादीत आहे.

आता जरा अमेरिकेकडे पाहा. तिथला मिसिसिपीचा प्रदेश आपल्यासारखाच कापसाचा. १९६० नंतर तिथल्या शेतकऱ्यांनी कापसाच्या वावरात तळी खोदून चॅनेल कॅटफिश पाळला. तो त्यांच्याच नद्यांमधला मासा. धंदा मोठा झाला. पण कारखान्यात मासे कापायला उभ्या होत्या मुख्यतः काळ्या बाया, तुटपुंज्या मजुरीवर. लघवीला जायलाही मोजून वेळ मिळे. १९९० साली इंडियानोला गावात त्यांनी संप केला आणि मजुरी वाढवून घेतली. मासा आपला असला, तरी हिशेबात बाईचं नाव नसेल तर फायदा दुसऱ्याच्या घरी जातो, हे त्यातून दिसतं.

आपल्या गटांत हल्ली शेततळ्यात मासोळी पाळण्याची चर्चा होते. तेव्हा दोन गोष्टी धरून ठेवा. झटपट किलोभर होणारी स्वस्त मागूर कुणी आणली, तर ती घेऊ नका. बीज देशीच आहे याची मत्स्यव्यवसाय विभागाकडून खात्री करा, आणि ते रोहू-कटल्याच्या पिल्लांत सोडू नका. दुसरं, ज्या घरांनी ही नदी पिढ्यान् पिढ्या ओळखली, त्या भोई-ढिवर घरांतल्या बायांना गटात घ्या. तळ्याचा ठेका असो की बँकेचं खातं, कागदावर त्यांचं नाव लिहा. साइक्सच्या कागदावर ते राहून गेलं होतं.