धूर पुन्हा इंजिनात

१९४३च्या जुलै महिन्यात अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरावर डोळे झोंबवणारे धुरके पसरले. त्याचे मूळ सापडायला काही वर्षे गेली. अननसाच्या स्वादाचा अभ्यास करणारे रसायनशास्त्रज्ञ हागेन-स्मिट यांनी १९५०च्या सुमारास दाखवून दिले, की मोटारींच्या धुरातील हायड्रोकार्बने आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांवर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन ओझोन तयार होतो.

पण पेट्रोलमध्ये नायट्रोजन जवळजवळ नसतोच. मग ही ऑक्साइडे येतात कोठून? हवेतून! हवेतील ७८ टक्के नायट्रोजन एरवी निष्क्रिय असतो. परंतु सिलिंडरमधील ज्वाळेच्या २००० अंश सेल्सिअसहून अधिक तापमानाला त्याचा ऑक्सिजनशी संयोग होतो. झेल्डोविच या सोव्हिएत शास्त्रज्ञाने १९४०च्या दशकात ही क्रिया उलगडली होती. तापमान थोडे वाढले, तरी तिचा वेग झपाट्याने वाढतो.

तेव्हा ज्वाळा थोडी थंड केली तर? त्यासाठी धुराचाच काही भाग सिलिंडरमध्ये परत सोडला. त्यातील कार्बन डायऑक्साइड व पाण्याची वाफ जळत नाहीत, उष्णता मात्र शोषून घेतात. शिवाय ऑक्सिजनचे प्रमाणही घटते. १९७३ साली अमेरिकेतील बऱ्याच नव्या मोटारींत ही सोय आली. साध्या पेट्रोल इंजिनात हवा आत घेणाऱ्या नळीतील दाब सहसा वातावरणापेक्षा कमी असतो. त्यामुळे झडप उघडताच धूर आपोआप ओढला जाई.

टर्बोचार्जरने अडचण केली. धुराच्या जोरावर फिरणारे हे यंत्र ताजी हवा दाबून आत भरते. त्यामुळे आतल्या नळीतील दाब पुष्कळदा धुराच्या दाबापेक्षा जास्त होतो आणि झडप उघडली, तर ताजी हवाच उलट बाहेर जाईल! मग टर्बाइनभोवतीची पाती वळवून धुराची वाट अरुंद करण्यात आली. दाब वाढला, धूर आत जाऊ लागला. आत सोडण्यापूर्वी तो पाण्याने थंडही करू लागले.

यंत्र जमले, सचोटीचे काय? चाचणीत स्वच्छ चालणारी, पण महामार्गावर इंधन वाचवण्यासाठी ऑक्साइडे वाढू देणारी डिझेल इंजिने विकल्याबद्दल अमेरिकी सरकारने सात उत्पादकांवर कारवाई केली. १९९८ साली तडजोड झाली. नवी मर्यादा ऑक्टोबर २००२पासून पाळणे त्यांच्यावर बंधनकारक झाले आणि ट्रकांच्या टर्बो इंजिनांत थंड केलेला धूर सर्रास फिरू लागला.

तरीही हा उपाय फुकटचा नाही. ऑक्साइडे घटली की डिझेलची काजळी वाढते, म्हणून पुढे गाळणी बसवावी लागते. दाबाचा धडा शिकवताना विद्यार्थ्यांना एवढेच विचारून पाहा : झडप उघडल्यावर धूर कोणत्या बाजूला जाईल?