फाटकावरचा फलक

मंडळी, कारखान्याच्या फाटकावर 'आयएसओ १४००१' असा फलक दिसला की आपण धरून चालतो, इथलं सांडपाणी स्वच्छ असणार. तो फलक नेमकं काय सांगतो, हे कळायला थोडं मागे जावं लागेल. (मास्तरकीची खोड, चालवून घ्या.)

आमच्या प्रवरा खोऱ्यात लोणीचा सहकारी साखर कारखाना १९५०-५१ साली सुरू झाला. मग कारखाने वाढले, जोडीला डिस्टिलऱ्या आल्या. लिटरभर मद्यार्कामागे साधारण दहा-बारा लिटर काळपट स्पेंटवॉश उरतो. आपण त्याला 'मळीचं पाणी' म्हणतो; मळी हा खरं तर कच्चा माल! महाराष्ट्राने जलप्रदूषणाचा कायदा १९६९ सालीच केला, केंद्राच्या आधी पाच वर्षं.

स्वतःहून पाळायच्या नियमांना जोर आला तो भोपाळनंतर. डिसेंबर १९८४ मध्ये युनियन कार्बाइडचा वायू सुटला आणि पुढच्याच वर्षी कॅनडातल्या रसायन उद्योगाने 'रिस्पॉन्सिबल केअर' सुरू केलं. लोकांचा विश्वास उडाला होता ना! १९९६ मध्ये आयएसओ १४००१ आलं. गंमत अशी की, नदीत किती घाण चालेल याचा आकडा त्यात नाही. धोरण ठरवा, कायदा पाळण्याची हमी द्या, नोंदी ठेवा, सुधारत राहा. मुलाने स्वतःच वेळापत्रक करावं आणि ते पाळलं का, हे बाहेरच्या मास्तरांनी तपासावं, तसं. मार्कांचा प्रश्न वेगळा.

मला जास्त भावते ती मार्च २००३ ची 'क्रेप' सनद. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने सर्वाधिक प्रदूषण करणाऱ्या १७ प्रकारच्या उद्योगांशी बोलून ती केली; साखर आणि डिस्टिलरी दोन्ही त्यात. कायद्याच्या पुढे जाऊन, स्वेच्छेने करायच्या गोष्टी. पण आकड्यांसकट! टन उसामागे सांडपाणी १०० लिटरवर आणायचं. शुद्धीकरण यंत्रणा गाळपाआधी निदान महिनाभर चालू करायची, कारण घाण खाणारे जिवाणू एका दिवसात तयार होत नाहीत. डिस्टिलऱ्यांनी डिसेंबर २००५ पर्यंत सगळा स्पेंटवॉश प्रेसमडमध्ये कालवून खत करणं वगैरे मार्गांनी वापरात आणायचा, आणि त्यासाठी बँक गॅरंटी द्यायची. स्वेच्छा, पण तारण ठेवून... सोसायटीचं कर्ज काढलेल्यांना हे लगेच कळेल! तारीख उलटली तरी मळीमिश्रित पाण्याच्या बातम्या थांबल्या नाहीत, हेही खरं. पुढे डिस्टिलऱ्यांना शून्य विसर्गाची सक्तीच झाली.

असो. कंपन्यांत नोकरी करणाऱ्या भाचे-पुतण्यांनो, तुमच्या फाटकावर फलकाशेजारी सांडपाण्याचे आकडेही लावतात का? बघून कळवा.