कमी बजेटच्या फिल्मसाठी प्रॉप्स कुठून आणायचे? गावातल्या माळ्यापासून चोरबाजारापर्यंत

रायगड जिल्ह्यातल्या पेण तालुक्यात गागोदे बुद्रुक नावाचं गाव आहे. 11 सप्टेंबर 1895 रोजी आचार्य विनोबा भावे यांचा जन्म याच गागोद्यात झाला. त्यांच्या बालपणीची पहिली वर्षंही इथेच गेली.

समजा, चार-पाच मित्रांच्या एका टीमला त्या काळातल्या गागोद्यातल्या एका घरावर वीस मिनिटांची शॉर्टफिल्म करायची आहे. कॅमेरा भाड्याने मिळाला, कलाकार मानधनाशिवाय तयार झाले. मग प्रश्न येतो तो वस्तूंचा. समई, जातं, घंगाळ, पाट, पोथी, दौत-टाक, कंदील, इरलं. या सगळ्या वस्तू मुंबईतून भाड्याने आणायच्या ठरवल्या, तर वस्तूंच्या भाड्याइतकाच खर्च टेम्पोवर होऊ शकतो. मग कमी पैशांत फिल्म करणारे लोक प्रॉप्स आणतात तरी कुठून?

प्रॉप म्हणजे नेमकं काय?

'प्रॉप' हा 'प्रॉपर्टी' या शब्दाचा छोटा अवतार. मराठी नाटकवाले आजही 'प्रॉपर्टी'च म्हणतात. दृश्यात दिसणारी आणि हलवता येणारी प्रत्येक वस्तू म्हणजे प्रॉप. भिंत हा सेट असतो, पण भिंतीवरचं कॅलेंडर हा प्रॉप. बजेटच्या दृष्टीने त्यांचे तीन गट पडतात.

- मुख्य प्रॉप: गोष्ट ज्याच्याभोवती फिरते ती वस्तू. ती क्लोजअपमध्ये दिसते, त्यामुळे ती अस्सल किंवा अस्सल वाटणारी हवी.
- हातातले प्रॉप: कलाकार वापरतो त्या वस्तू. तांब्या, कोयता, छत्री, पत्र. यांचं वजन आणि आवाजही खरा वाटावा लागतो.
- मागचे प्रॉप: खोली भरलेली दिसावी म्हणून ठेवलेल्या वस्तू. लांबून पुठ्ठा आणि लाकूड यांत फरक कळत नाही.

पैसा आणि मेहनत याच क्रमाने खर्च करायची असते. कमी बजेटच्या बऱ्याच फिल्म इथेच चुकतात. खोली भरण्यात पैसे संपतात आणि ज्या पत्रावर गोष्ट उभी आहे ते पत्र मात्र प्रिंटरच्या पांढऱ्याशुभ्र कागदावर लिहिलेलं दिसतं.

आधी वस्तू, मग पटकथा

स्वस्तात प्रॉप मिळवण्याचा सगळ्यात खात्रीचा मार्ग म्हणजे जे हाताशी आहे त्यावर गोष्ट लिहिणं. रॉबर्ट रॉड्रिगेझ या दिग्दर्शकाने 'एल मारियाची' (1992) ही फिल्म सुमारे 7,000 डॉलरमध्ये केली. लिहिण्याआधी त्याने मेक्सिकोतल्या एका छोट्या शहरात आपल्याला फुकट काय मिळू शकतं, याचा हिशेब मांडला. ओळखीच्यांचं रँच, गावातले बार, एक बस, एक पिटबुल कुत्रा. मग या सगळ्याला सामावून घेणारी गोष्ट रचली.

1995 मध्ये डेन्मार्कच्या लार्स फॉन ट्रिअर आणि थॉमस विंटरबर्ग यांनी 'डॉग्मे 95' हा जाहीरनामा काढला. त्यातला पहिलाच नियम असा होता की, शूटिंग खऱ्या जागी करायचं आणि प्रॉप बाहेरून आणायचे नाहीत. एखादी वस्तू गोष्टीसाठी हवीच असेल, तर ती जिथे आहे अशी जागा शोधायची.

कोकणातल्या गावासाठी हा नियम अगदी चपखल बसतो. भातशेती असलेल्या गावातल्या जुन्या घरांच्या माळ्यावर, पडवीत आणि गोठ्यात कणगी, सूप, रोवळी, उखळ-मुसळ, पाटा-वरवंटा, नांगर, घोंगडी अशा वस्तू अजूनही सापडतात. गावात हौशी नाट्यमंडळ असेल, तर त्यांच्या पेटीत फेटे, लाकडी तलवारी आणि दागिनेही असतात. म्हणून जागा बघायला जाताना पटकथेसोबत कोरी वहीही न्यावी. काय हवंय हे सांगण्याआधी गावात काय आहे ते लिहून घ्यावं. अनेकदा पटकथेतला पितळी हंडा मिळत नाही, पण तांब्याचं घंगाळ मिळतं. अशा वेळी दृश्य बदलणं हे हंडा विकत घेण्यापेक्षा स्वस्त पडतं.

फाळक्यांनाही हाच प्रश्न होता

3 मे 1913 रोजी गिरगावातल्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला. दादासाहेब फाळके यांनी या चित्रपटासाठी पत्नी सरस्वतीबाईंचे दागिने गहाण ठेवले होते. लेखन, दिग्दर्शन, मेकअप, सेट आणि फिल्मवरची प्रक्रिया अशी बरीचशी कामं ते स्वतःच करत.

याच चित्रपटाच्या शूटिंगचा एक किस्सा प्रॉपशी संबंधित आहे. बाहेरच्या दृश्यांसाठी मंडळी मुंबईजवळच्या वांगणी गावात गेली. सोबत तलवारी आणि भाले होते. गावकऱ्यांना हे दरोडेखोर वाटले आणि खबर पोलिसांपर्यंत गेली. शेवटी फाळक्यांना कॅमेरा दाखवून खात्री पटवावी लागली. शंभरहून अधिक वर्षं झाली तरी धडा तोच आहे. हत्यारासारखं काही घेऊन गावात जायचं असेल, तर ग्रामपंचायत आणि पोलीस ठाण्याला आधी कळवावं.

कोल्हापूरचे बाबुराव पेंटर तर मुळात चित्रकार. त्यांनी स्वतः कॅमेरा बनवला आणि रंगवलेल्या पडद्यांऐवजी खोली असलेले सेट उभे केले. त्यांच्या 'सैरंध्री' (1920) मधला कीचकवधाचा प्रसंग इतका खरा वाटला की सेन्सॉरने त्याला कात्री लावली. महागडी वस्तू नसली तरी कसबी हात पुरतो, हे मराठी सिनेमाने फार लवकर दाखवून दिलं होतं.

पेणचे कारखाने

असे कसबी हात गागोद्याच्या तालुक्यातच आहेत. पेण शहर, हमरापूर, जोहे हा परिसर गणेशमूर्तींच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध आहे. इथल्या कारागिरांना शाडूचं काम, प्लास्टर ओतणं, साचे काढणं, काथ्या घालून हलकं पण मजबूत ओतकाम करणं आणि रंगकाम हे सगळं येतं. फिल्मसाठी हवी असलेली दगडासारखी दिसणारी मूर्ती, फुटण्यासाठीचे माठ, नकली खांब, मुकुट, गदा अशा गोष्टींना हेच कौशल्य लागतं.

वेळ मात्र सांभाळावी लागते. पावसाळ्याच्या तोंडापासून भाद्रपदापर्यंत कारखान्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते. गणपती उरकल्यावर जाणं सोयीचं. जाताना वस्तूचा फोटो, नेमकं माप आणि ती कॅमेऱ्याच्या किती जवळ येणार ही माहिती न्यावी. लांबून दिसणाऱ्या वस्तूची फक्त पुढची बाजू करून घेतली, तर खर्च कमी होतो.

बाजारात कुठे शोधायचं?

- भंगारवाला: जुने कंदील, ट्रंका, सायकली, पत्र्याचे डबे, कुलपं. वजनावर घ्यायचं आणि शूटिंग संपलं की वजनावरच परत विकायचं.
- कुंभार आणि बुरूड: माठ, पणत्या, टोपल्या, सुपं. या वस्तू नव्या घेतल्या तरी स्वस्त असतात. थोडा धूर आणि माती लावली की जुन्या दिसतात.
- मुंबईचा चोरबाजार: मटण स्ट्रीटच्या परिसरात ग्रामोफोन, घड्याळं, फोन, आरसे, जुनी पोस्टर्स मिळतात. काही दुकानदार शूटिंगसाठी भाड्यानेही देतात, विचारायला हरकत नसते.
- पुण्याचा जुना बाजार: रविवारी आणि बुधवारी भरतो. नाणी, अवजारं, भांडी, जुने कॅमेरे.
- नाटकाचे कपडे भाड्याने देणारे: शाळांच्या गॅदरिंगला पुरवठा करणाऱ्यांकडे कपड्यांसोबत काठ्या, ढाली, पगड्याही असतात. डिसेंबर-जानेवारीत त्यांच्याकडे गर्दी असते.

भाड्याने घेताना दिवस कसे मोजणार हे आधीच विचारावं. वस्तू नेण्याचा आणि परत आणण्याचा दिवसही भाड्यात धरला जात असेल, तर दोन दिवसांच्या शूटिंगचं भाडं चार दिवसांचं होतं.

काळ चुकला की सगळं चुकलं

जुन्या काळातल्या फिल्ममध्ये चुकीचा प्रॉप हा नसलेल्या प्रॉपपेक्षा जास्त खटकतो. काही तारखा लक्षात ठेवाव्यात.

- स्टेनलेस स्टील: याचा शोधच 1913 चा. 1900 च्या स्वयंपाकघरात तांबं, पितळ, कासं, माती आणि लाकूडच हवं.
- काडेपेटी: विमको कंपनी 1923 मध्ये सुरू झाली. त्याआधी परदेशी काडेपेट्या असत.
- नाणी: 1900 सालच्या नाण्यावर व्हिक्टोरिया राणी हवी. नवे पैसे आले ते 1957 मध्ये.
- कॅलेंडर: 'कालनिर्णय' 1973 पासूनचं. 1965 च्या घरात ते टांगलं की फसलंच.
- अक्षर: हाताने लिहिलेले व्यवहार विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी लिपीत होत असत. छापील मजकूर बाळबोध, पण त्यात जुने अनुस्वार. शुद्धलेखनाचे नवे नियम 1962 चे. त्यामुळे 1940 च्या दुकानाची पाटी आजच्या फाँटमध्ये आणि आजच्या शुद्धलेखनात असेल, तर जाणकार लगेच पकडतात.

घरी काय बनवता येतं?

जुना कागद हवा असेल, तर चहाचं पाणी लावून सावलीत सुकवावा. गंजासाठी गेरू आणि तपकिरी रंग ठिपक्याठिपक्यांनी द्यावा. नवं कापड दोन-तीनदा धुऊन, उन्हात वाळवून, कडा घासल्या की वापरातलं दिसतं. कोयता आणि सुरी मारामारीच्या दृश्यात लाकडाची किंवा रबराचीच असावी. खऱ्या धारेचं पातं फक्त कुणी जवळ नसलेल्या क्लोजअपसाठी.

फुटणारी काच साखरेच्या पाकापासून करतात, पण कोकणातल्या दमट हवेत ती लवकर चिकट होते. त्यामुळे ती शूटिंगच्या दिवशीच करावी आणि हवाबंद डब्यात ठेवावी.

कुठे सावध राहावं?

- नोटा: खऱ्या नोटेसारखा दिसणारा कागद छापणं गुन्हा आहे. फिल्मसाठी म्हणूनही घरच्या प्रिंटरवर छापू नये. बंडल दाखवायचं तर वर-खाली खरी नोट आणि मध्ये कोरे कागद ठेवावेत.
- प्राणी: बैलगाडी, घोडा, कोंबडा काहीही दाखवायचं असेल, तर 2001 च्या नियमांनुसार भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची परवानगी आधी घ्यावी लागते. ती नसेल, तर सेन्सॉर प्रमाणपत्राच्या वेळी अडचण येते.
- वन्यप्राण्यांचे अवशेष: शिंगं, कातडी, नखं नकलीच वापरावीत. घरात पिढ्यान् पिढ्या आहे, असं कुणी सांगितलं तरी खरी वस्तू हलवू नये.
- जुन्या मूर्ती, वीरगळ, हस्तलिखितं: 1972 च्या कायद्यात शंभर वर्षांहून जुन्या वस्तू आणि महत्त्वाची जुनी हस्तलिखितं 'पुरावशेष' म्हणून येतात. त्या जागेवरच राहू द्याव्यात आणि हवी असल्यास प्रतिकृती करावी.

उसनं घेतलं, तर परत कसं करायचं?

गावातून मिळालेला प्रॉप फुकट असतो, पण त्याला किंमत नसते असं नाही. पितळी डबा हा बाजारात किलोवर विकला जातो, पण तो आजीच्या रुखवतात आलेला असेल, तर फुटल्यावर पैसे देऊन भरपाई होत नाही. शूटिंगच्या गडबडीत सगळ्यात आधी दुर्लक्ष होतं ते या वस्तूंकडे. त्यासाठी 'प्रॉप वही' ठेवतात. तिच्यात प्रत्येक वस्तूसमोर पुढच्या गोष्टी लिहायच्या.

1. वस्तूचा क्रमांक, मालकाचं नाव, घर.
2. घेतानाचे चारही बाजूंचे फोटो. आधीचा पोचा किंवा चीर असेल, तर तीही.
3. कोणत्या दृश्यात लागणार आणि कोणाच्या ताब्यात राहणार.
4. मोडली तर काय द्यायचं, हे घेतानाच ठरवलेलं.
5. परत दिल्याची तारीख आणि मालकाची सही.

हेच फोटो कंटिन्युइटीसाठीही कामाला येतात. काल तांब्या चुलीच्या डावीकडे होता की उजवीकडे, हे वहीवरून कळतं.

उसन्या वस्तूला रंग लावू नये, घासू नये, आणि न विचारता चकचकीतही करू नये. काहींना तो काळवंडलेला रंगच जपायचा असतो. देव्हाऱ्यातल्या वस्तू घरच्यांनी स्वतःहून दिल्या तरच घ्याव्यात आणि हाताळायला घरातलंच माणूस ठेवावं. पैसे नको म्हणणाऱ्यांनाही थोडं भाडं द्यावं, श्रेयनामावलीत नाव द्यावं आणि फिल्म तयार झाली की गावातच एक खेळ लावावा.

शहरातून आलेल्या एका टीमने घंगाळ पोचा पाडून परत केलं, तर पुढच्या टीमसाठी त्या आळीतली सगळी दारं बंद होतात. तेच घंगाळ वेळेवर, पुसून, सहीसकट परत गेलं, तर पुढच्या वेळी माळ्यावरची शिडी घरचेच लावून देतात.