अंबर : एका नांवाची कुळकथा



मलिक अंबर हें नांव महाराष्ट्राचा इतिहास थोडाबहुत वाचलेल्या प्रत्येकास ठाऊक असतें. पण त्यांतील 'अंबर' म्हणजे काय, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. विचारण्याचें कारणहि पडत नाहीं, कारण हा शब्द आपल्या घरांतलाच वाटतो. पीतांबर आपण नेसतों, दिगंबर आणि नीलांबर हीं नांवें मुलांस ठेवितों, आणि अंबर म्हणजे आकाश किंवा वस्त्र हें अमरकोश पाठ केलेला कोणताहि विद्यार्थी सांगूं शकतो. मी शाळेंत इतिहास शिकवीत असतां एखादा चुणचुणीत मुलगा उठून विचारी, "गुरुजी, मलिक अंबर म्हणजे आकाशाचा राजा का?" प्रश्न हुशारीचा होता, परंतु या अंबराचा आकाशाशीं कांहीं संबंध नाहीं. तो शब्द अरबी आहे, आणि त्याची कुळकथा समुद्रांतून सुरू होते.

अरबींत हा शब्द 'ऐन' या कंठांतून निघणाऱ्या अक्षरानें सुरू होतो. लिहितांना त्यांत 'न' लिहितात. परंतु पुढें 'ब' आल्यामुळें त्या 'न'चा उच्चार 'म' होतो. आपला अनुस्वारहि असाच पुढच्या अक्षराप्रमाणें बदलतो, म्हणून मराठींत हें नांव बिनतक्रार बसलें. मात्र दिसण्यांत सारखे असलेले आणखी दोन शब्द यापासून निराळे ठेवावयास हवेत. हत्तीच्या पाठीवरची अंबारी अरबी 'अमारी'वरून आलेली आहे; आणि पन्हाळ्यावरचा अंबरखाना धान्याच्या सांठ्यास फारसींत 'अंबार' म्हणतात त्यावरून. यांपैकीं कोणाचेंहि आपल्या अंबराशीं नातें नाहीं.

मग हा अंबर म्हणजे काय? तें एक सुगंधी द्रव्य आहे. स्पर्म व्हेल या जातीचा प्रचंड देवमासा खोल समुद्रांतील माकूल खाऊन जगतो. माकुलाची कठीण चोंच त्याला पचत नाहीं. अशा न पचलेल्या पदार्थांभोंवतीं कांहीं माशांच्या आंतड्यांत मेणासारखा गोळा जमतो व तो पुढें समुद्रांत पडतो. ताजेपणीं तो काळा व दुर्गंधी असतो. परंतु वर्षानुवर्षें खारें पाणी, ऊन आणि वारा लागून तो राखी रंगाचा व मंद सुवासाचा होतो आणि लाटांबरोबर किनाऱ्याला लागतो. आपल्या वर्तमानपत्रांत कोंकण किनाऱ्यावर "व्हेल माशाची उलटी" पकडल्याच्या बातम्या येतात, ती वस्तु हीच. या देवमाशाला वन्यजीव संरक्षण कायद्यानें संरक्षण असल्यामुळें भारतांत तिचा व्यापार निषिद्ध आहे.

अरबांना ही वस्तु फार प्राचीन काळापासून माहीत होती. त्या देवमाशालाहि ते अंबरच म्हणत. मुहंमद पैगंबरांच्या अनुयायांची एक तुकडी समुद्रकांठीं उपासमारीनें गांजली असतां किनाऱ्याला लागलेल्या एका प्रचंड माशावर तिनें कित्येक दिवस निर्वाह केला, अशी हकीकत हदीसांत आहे. तेथें त्या माशाचें नांव अंबर असेंच दिलें आहे. दहाव्या शतकांतील इतिहासकार मसऊदी सांगतो कीं, उत्तम अंबर झंज देशाच्या म्हणजे पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर मिळे. अकबराच्या दरबारांतील सुगंधी द्रव्यांचें वर्णन करतांना अबुल फज्लनें 'आईने अकबरी'मध्यें अंबराला मानाचें स्थान दिलें आहे. हाच शब्द लॅटिन भाषेंतून युरोपांत गेला. तेथें प्रथम या सुगंधी द्रव्याला व पुढें समुद्रकांठींच सांपडणाऱ्या पिवळ्या, पारदर्शक राळेलाहि तें नांव मिळालें. इंग्रजींतील 'अँबर' तो हाच. त्या राळेला फारसींत कहरबा म्हणतात.

आतां अशा वस्तूचें नांव माणसाला कां पडावें? आपल्याकडेहि कस्तुरी, केशर, माणिक, मोती, हिरा हीं नांवें असतात. पण तीं आईबापांनीं लाडानें ठेविलेलीं असतात. अरबी समाजांतील रीत पाहिली म्हणजे फरक ध्यानांत येतो. तेथें स्वतंत्र कुळांतील पुरुषाचें नांव एकटें नसे. "अमुक बिन तमुक", म्हणजे अमक्याचा मुलगा अमका, अशी पूर्वजांची सांखळी त्याच्या नांवास जोडलेली असे. आणि स्वतःला मुलगा झाला म्हणजे "अबू अमुक", अमक्याचा बाप, असें गौरवाचें नांव त्याला मिळे. गुलामाजवळ ही सांखळी नसे. ती बाजारांत तुटलेली असे. म्हणून विकत घेतलेल्या माणसाला धनी आपल्या आवडीचें नांव ठेवी, आणि तें पुष्कळदां अत्तराच्या पेटींतून किंवा जवाहिराच्या डबींतून उचललेलें असे. काफूर म्हणजे कापूर, मिस्क म्हणजे कस्तुरी, संदल म्हणजे चंदन, रैहान म्हणजे सबजासारखी सुवासिक वनस्पति, याकूत म्हणजे माणिक, जौहर म्हणजे रत्न, मर्जान म्हणजे पोंवळें. आणि याच मालिकेंतलें अंबर. यांत कौतुक नव्हतें असें नाहीं. परंतु तें कौतुक मालाचें होतें. काळ्या वर्णाच्या माणसास 'काफूर' म्हणून हांक मारण्यांत थोडी थट्टाहि असे. कागदावर बापाचें नांव लिहावेंच लागलें तर 'बिन अब्दुल्ला', म्हणजे ईश्वराच्या दासाचा पुत्र, असें लिहीत. खरा बाप कोण, हें विचारण्याचें कोणास प्रयोजन नसे.

अशीं नांवें घेऊन कांहीं पुरुष मोठ्या पदास चढले. काफूर नांवाचा एक काळा गुलाम दहाव्या शतकांत मिसर देशाचा सत्ताधीश झाला व इ. स. ९६८ मध्यें वारला. मुतनब्बी या विख्यात अरबी कवीनें आधीं त्याचीं स्तोत्रें गाइलीं, आणि अपेक्षित अधिकारपद हातीं न येतांच त्याच्या वर्णावर व गुलामगिरीवर बोट ठेवून त्याची निंदा केली. देशोदेशींच्या स्थळांचा थोर कोश रचणारा याकूत हा ग्रीक आईबापांच्या पोटीं जन्मलेला, पण बगदादेंत विकला गेलेला मुलगा होता; तो १२२९ सालीं वारला. विद्येनें नांवलौकिक मिळाल्यावर त्यानें स्वतःला याकूब म्हणवून घेण्यास आरंभ केला, असें चरित्रकार इब्न खल्लिकान लिहितो. म्हणजे गुलामाचें नांव टाकून त्याच्याशीं मिळतें, पण स्वतंत्र माणसाचें नांव त्यानें घेतलें. जगानें मात्र त्याला याकूतच ठेविलें.

दक्षिणेच्या इतिहासांत हीं नांवें पदोपदीं भेटतात, पण आपण त्यांचे अर्थ न पाहतां पुढें जातों. देवगिरीवर आलेला मलिक काफूर हा मूळचा याच देशांतला. १२९९ च्या गुजरातच्या स्वारींत तो खंबायत येथें पकडला गेला आणि त्याचा कापूर झाला. १६६० सालीं पन्हाळ्यास वेढा घालून बसलेला सिद्दी जौहर, १६८९ मध्यें मुंबईत इंग्रजांस कोंडून धरणारा जंजिऱ्याचा सिद्दी याकूत, विजापुरास इब्राहिम रोजा उभारणारा मलिक संदल, हे सारे त्याच पेटींतले. बाळपणीं त्यांना त्यांच्या आया कोणत्या नांवानें हांक मारीत होत्या, याची नोंद इतिहासानें ठेवलेली नाहीं.

एकाच्या बाबतींत मात्र ती उरली आहे, आणि तो आपला मलिक अंबर. इ. स. १५४८ च्या सुमारास हबसाणांत, म्हणजे आजच्या इथिओपियांत, तो जन्मला. त्याचें जन्मनांव चापू. तांबड्या समुद्रावरील मोखा बंदरांत तो ८० डच गिल्डरांस विकला गेला, असें पीटर व्हान डेन ब्रूक या डच व्यापाऱ्यानें लिहून ठेविलें आहे. हा व्यापारी १६१७ सालीं त्याला प्रत्यक्ष भेटला होता. पुढें बगदादच्या मीर कासीम नांवाच्या धन्याने त्याची बुद्धि पाहून त्याला शिकविलें, मुसलमान केलें आणि त्याचें नांव अंबर ठेविलें. ज्या किनाऱ्यांवरून तें सुगंधी द्रव्य येई, त्याच किनाऱ्यांवरून गलबतांत भरून माणसेंहि येत. तेव्हां व्यापाऱ्याच्या दृष्टीनें नांव अगदीं साजेसें होतें.

अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीझखान यानें त्याला विकत घेऊन दक्षिणेंत आणिलें. चंगीझखान स्वतःहि एके काळीं हबशी गुलामच होता. त्याच्या मृत्यूनंतर अंबर स्वतंत्र झाला. कांहीं काळ विजापुरास राहिला व तेथें त्याला 'मलिक', म्हणजे सरदार, हा किताब मिळाला. १६०० सालीं मुघलांनीं अहमदनगर, म्हणजे आजचें अहिल्यानगर, घेतलें, तेव्हां बुडत्या निजामशाहीला त्यानें दुसऱ्या मुर्तजा निजामशहाच्या नांवानें परांड्यास पुन्हा उभें केलें, आणि पुढें सुमारें २५ वर्षें मराठे व हबशी स्वारांच्या बळावर मुघल फौजांना दक्षिणेंत पाय रोवूं दिला नाहीं. १६२४ सालीं भातवडी येथें त्यानें मुघल व आदिलशाही यांच्या जोडफौजेचा पराभव केला.

जहांगीर बादशहाला हें नांव किती झोंबत होतें, तें त्याच्या आत्मचरित्रांत दिसतें. मलिक अंबराचा उल्लेख तो बहुधा शिवीवांचून करीत नाहीं, आणि त्या शिव्यांत त्याच्या काळ्या वर्णाचा व काळ्या नशिबाचा उल्लेख पुनःपुन्हा येतो. अबुल हसन या चित्रकाराकडून त्यानें एक चित्र काढविलें. त्यांत बादशहा पृथ्वीच्या गोलावर उभा राहून भाल्यावर टांगलेल्या अंबराच्या मस्तकास बाण मारीत आहे. हें चित्र आज डब्लिन शहरांतील एका ग्रंथसंग्रहांत आहे. प्रत्यक्षांत तें मस्तक बादशहाच्या हातीं कधीं लागलें नाहीं. १६२६ सालीं अंबर वृद्धापकाळानें वारला, तेव्हां मुघल दरबारचाच इतिहासकार मुतमदखान यानें, युद्धांत व राज्यकारभारांत त्याला जोड नव्हती आणि हबशी गुलाम इतक्या योग्यतेस चढल्याचें दुसरें उदाहरण इतिहासांत नाहीं, अशा अर्थाचें लिहून ठेविलें.

भातवडीच्याच रणांगणावर आणखी एक अरबी नांव होतें. अंबराच्या बाजूनें लढणाऱ्यांत शहाजीराजे होते, व त्यांचे बंधु शरीफजी तेथें धारातीर्थीं पडले. मालोजीराजांनीं अहमदनगरच्या शाह शरीफ या पीराच्या नांवावरून आपल्या दोन मुलांचीं नांवें शहाजी व शरीफजी अशीं ठेविलीं होतीं. शरीफ म्हणजे थोर, कुलीन. एकाच मैदानांत एका माणसाचें अरबी नांव बापानें श्रद्धेनें ठेविलेलें, आणि दुसऱ्याचें खरेदीदारानें. कोशांत दोन्ही नांवांचे अर्थ चांगलेच आहेत. त्यांचीं जन्मस्थानें मात्र निराळीं.

अंबरानें याकूताप्रमाणें आपलें नांव बदललें नाहीं. पण त्यानें आपल्या थोरल्या मुलास कापूर-कस्तुरीचें नांव ठेविलें नाहीं; तो इतिहासांत फत्तेखान म्हणून ओळखला जातो, आणि फत्ते म्हणजे विजय. १६१० सालीं अंबरानें वसविलेल्या खडकी शहराला बापाच्या मृत्यूनंतर या मुलानें फत्तेनगर केलें. पुढें औरंगजेबाच्या वेळीं तें औरंगाबाद झालें आणि २०२३ सालीं छत्रपति संभाजीनगर. शहराचीं नांवें अशीं बदलत गेलीं, तरी तेथें त्यानें खापरी नळांतून आणिलेल्या पाण्याला लोक आजहि 'नहरे अंबरी'च म्हणतात. त्यानें महसुलाची मक्तेदारी मोडून जमिनीची प्रत व पीक पाहून धारा बसविला. त्या पद्धतीला 'मलिकंबरी' असें नांव पडलें, आणि राज्यें पालटल्यावरहि तो शब्द मराठी दप्तरांतून लवकर गेला नाहीं. मोख्याच्या बाजारांत ज्याला बापाचें नांव लावतां येत नव्हतें, त्याचें नांव कुणब्याच्या शेतसाऱ्याला लागलें.

आतां काळ पालटला आहे. सौदी अरेबियांत १९६२ सालीं व ओमानांत १९७० सालीं गुलामगिरी कायद्यानें बंद झाली, आणि धन्यानें नांव ठेवण्याची रीतहि तिच्याबरोबर गेली. आज उर्दू बोलणाऱ्या घरांतून अंबर आणि अंबरीन, म्हणजे अंबराचा सुगंध असलेली, हीं मुलींचीं आवडतीं नांवें आहेत. इंग्रजी व स्पॅनिश भाषिकांतहि याच शब्दापासून निघालेलें मुलींचें नांव प्रचारांत आहे. मराठी घरांत मुलाला अंबर म्हणतात तेव्हां मात्र बहुधा संस्कृतांतलें आकाशच मनांत असतें. यांतलें कोणतेंहि नांव आतां बाजारांत मिळालेलें नसतें. तें पाळण्यांत मिळतें.

इतिहास शिकविणाऱ्या तरुण मंडळींस माझी एवढीच विनंति आहे. वर्गांत एखाद्या मुलानें मलिक अंबराच्या नांवाचा अर्थ विचारला, तर "एक सुगंधी द्रव्य" एवढें सांगून पुढें जाऊं नये. तें नांव कोणीं ठेविलें व कां ठेविलें, हेंहि त्याला सांगावें. आणि त्यापूर्वीं त्याच्या आईनें त्याला चापू म्हणून हांक मारली होती, हेंहि सांगावें.